उष्णकटिबंधीय रोगांवर काम करणाऱ्या वैज्ञानिक सोसायट्या नेमकं करतात काय? नागपूरकरांना त्यांचा काय उपयोग?

तुम्ही विचारलंय की लंडन-अमेरिकेतल्या या ‘ट्रॉपिकल मेडिसिन’च्या सोसायट्या परिषदा घेतात, जर्नल काढतात, एकमेकांना पदकं देतात, पण आपल्या नाल्यावरचे डास तर जिथल्या तिथेच आहेत. प्रश्नातला टोमणा कळला. त्यात थोडं तथ्यही आहे, त्याकडे नंतर येतो.

मी डॉक्टर नाही. नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या रात्र चिकित्सालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काढली. काम म्हणजे रात्री वस्तीत फिरून लोकांच्या बोटाचं रक्त घ्यायचं. एकदा एका आजीनं दारातच अडवलं. “दिवसा कायले नाही येत बापा? रात्री धा वाजता रक्त काढाले येता!” मी म्हटलं, आजी, हे जंतू दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात, रात्री बाहेरच्या रक्तात येतात, कारण त्यांना नेणारा डास रात्री चावतो. आजी म्हणाली, “मंग डासालेच सांगा ना, दिवसा येत जा मनून.” आणि बोट पुढे केलं.

हे ‘रात्रीच’ कोणाला कळलं? पॅट्रिक मॅन्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर चीनमधल्या अमॉय बंदरात काम करायचा. त्याचे दोन मदतनीस रक्त तपासत, एक दिवसा आणि एक रात्री. रात्रीवाल्याला जंतू भरपूर सापडत, दिवसावाल्याला जवळजवळ नाहीत. १८७७ साली मॅन्सननं आपल्या हत्तीरोगाचे जंतू असलेल्या माळ्याला डासांच्या खोलीत झोपवलं, रक्त प्यायलेले डास चिरून पाहिले, तर आत जंतू वाढताना दिसले. पुढच्या वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्ग अभ्यासकांच्या मंडळात, त्याचा यावरचा निबंध वाचला गेला. किडा माणसाच्या अंगात रोग पसरवतो ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

पण मॅन्सननं एक गफलत केली. त्याला वाटलं, डास चार-पाच दिवसांत पाण्यावर मरतो, जंतू पाण्यात उतरतात आणि माणूस ते पाणी पितो. तसं असतं तर आज आम्ही सारी मोहीम पाणी उकळण्यावर घातली असती! ही चूक मॅन्सनच्याच हाताखालच्या जॉर्ज लो यानं १९०० साली दुरुस्त केली. ऑस्ट्रेलियाहून थॉमस बँक्रॉफ्ट या डॉक्टरनं पाठवलेले डास त्यानं लंडनमध्ये कापले आणि जंतू डासाच्या सोंडेत सापडला, म्हणजे तो चाव्यातूनच येतो. हाच लो आणि जेम्स कँटली नावाचा डॉक्टर यांनी १९०७ मध्ये लंडनला सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजिन उभी केली. पहिला अध्यक्ष? मॅन्सन. ज्याची चूक दाखवली त्यालाच खुर्चीवर बसवलं. १९२० साली तिच्या नावात ‘रॉयल’ आलं.

माझ्या मते सोसायटीचं खरं काम इथेच दिसतं. औषध शोधणं तिचं काम नाही, फवारणी करणं तर नाहीच. अमॉयला कोणी काही पाहिलं, ब्रिस्बेनहून कोणी डास पाठवले, सिकंदराबादला रोनाल्ड रॉस हा ब्रिटिश डॉक्टर १८९७ मध्ये डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधत होता आणि मॅन्सनशी त्याचा पत्रव्यवहार चालला होता. हे सगळं एका ठिकाणी यावं, चारचौघांत वाचलं जावं, आणि कोणीतरी उठून ‘हे चुकतंय’ म्हणावं, यासाठी जागा लागते. आज तिथे तरुण संशोधकांना छोटी अनुदानंही मिळतात.

आता टोमण्यातलं तथ्य. ‘ट्रॉपिकल’ हा शब्दच गोऱ्या साहेबांचा आहे. मॅन्सन पुढे ब्रिटिश वसाहत खात्याचा वैद्यकीय सल्लागार होता. उष्ण मुलखात साहेब जगावेत ही मूळ निकड. आणि आजही परिषदेचं शुल्क, विमान, व्हिसा हे सगळं जमलं तरच तुमचं म्हणणं ऐकलं जातं. आमच्या स्लाइडचे, म्हणजे रक्ताच्या काचपट्ट्यांचे, आकडे वर जायचे, त्यांचं पुढे काय झालं हे खाली कधी कळायचं नाही. याचा राग आजही आहे.

पण स्लाइडवर जे दिसतं ते या देवघेवीशिवाय ओळखता आलं नसतं. वीस घनमिलिमीटर रक्त जाडसर पसरवायचं, वाळवायचं, पाण्यात लाली उतरवायची, रंगवायचं. मग भिंगाखाली निळसर नागमोडी दोरा दिसतो. शेपटीचं टोक ठिपक्यांविना रिकामं असेल तर वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय, आपल्याकडचा नेहमीचा. टोकाशी दोन सुटे ठिपके असले तर ब्रुगिया मलायी, केरळकडचा. (जंतूच्या नावातला बँक्रॉफ्ट म्हणजे डास पाठवणाऱ्या थॉमसचा बाप, जोसेफ.)

आपल्यापर्यंत ताजं काय आलं? पूर्वी हत्तीरोगाच्या मोहिमेत वर्षाला डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) आणि अल्बेंडाझोल या जंतू मारणाऱ्या दोनच गोळ्या होत्या. पापुआ न्यू गिनीत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन दिलं, तर एकाच डोसनं जवळजवळ सर्वांचं रक्त तीन वर्षं जंतूविना राहिलं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ठरावीक भागांसाठी तिन्ही औषधं एकत्र देण्याची शिफारस केली, आणि देशात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत ती दिली गेली त्यात २०१९ साली नागपूर होतं. डीईसी वयाप्रमाणे, आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे. पाठीत वाकलेल्या आबाजींची उंची कशी धरायची, यावर एका अंगणात अर्धा तास वाद झाल्याचं आठवतं. दोन वर्षांखालची लेकरं, गरोदर बायका आणि फार आजारी माणसं यांना वगळायचं. काहींना गोळ्यांनंतर ताप येतो, गरगरतं; अंगातले जंतू मरतात तेव्हा असं होतं. पण एकाला गरगरलं की अख्खी गल्ली गोळ्या मुठीत लपवते.

फार लांबच्या सोसायट्या नको असतील तर आपल्या शेजारीच सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र आहे. हत्तीरोगाच्या निदानावर तिथे मोठं काम झालंय. शिकत असाल तर आधी तिथे जाऊन या.

आणि मोहीम आली की रिकाम्या पोटी नव्हे, जेवून, गोळ्या घेऊन आलेल्या ताईंच्या समोरच खा. हा डास घाण पाण्यात वाढतो, म्हणून संडासाच्या टाकीच्या पाइपच्या तोंडाला जाळी बांधा. जुनं पातळ कापडही चालतं. आमच्या घरी आईच्या लुगड्याचा तुकडा बांधलाय, दर पावसाळ्याआधी बदलतो.