अनारशाचा लेख दसऱ्याच्या आत

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. ब्लॉगवर एका आठवड्यात पाच रेसिपी टाकल्या, मग दोन-अडीच महिने काहीच नाही, आणि आता "मावशी, जरा शिस्तीत करायचंय, प्लॅनिंग कसं करू" असं विचारतेयस. तर सांगते, आणि अगदी मनापासून सांगते, कारण तुझं लिखाण वाचून लोक खरंच पदार्थ करून बघतात, हे सगळ्यांच्या नशिबी नसतं.

आठवड्याला किती लेख टाकायचे इथून सुरुवातच करू नकोस. सगळे तिथूनच सुरू करतात, सोमवार-गुरुवार ठरवतात आणि महिन्याभरात दमतात. सुरुवात करायची ती वाचणारीच्या स्वयंपाकघरातून. तिला तो पदार्थ कधी करायचाय, त्याची तयारी किती दिवस आधी लागते, म्हणजे तिने वाचायला कधी हवं आणि मग तू लिहायला कधी बसायचं, असं उलटं मोजत यायचं.

अनारसेच घे. तू तो लेख लक्ष्मीपूजनाच्या दिवशी टाकलास. फोटो सुंदर, जाळी तर बघत राहावी अशी, पण त्या दिवशी वाचून कोण काय करणार गं? तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर सावलीत पसरून दमट असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ किसून मिसळायचा आणि तो गोळा डब्यात पुढे चार-पाच दिवस तरी मुरायला ठेवायचा. आठ-नऊ दिवस इथेच गेले. त्यात पहिला घाणा तुपात हसला, म्हणजे अनारसे फुटून पसरले, तर पीठ सुधारायला अजून एखादा दिवस हाताशी हवा. म्हणजे दसरा झाला की तिचे तांदूळ भिजायला हवेत आणि तुझा लेख दसऱ्याच्या आत तिच्या मोबाईलवर हवा. दिवाळी अंकवाल्यांकडे बघ ना, १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या धंद्याचं गणित तेच आहे, अंक दिवाळीच्या आधी वाचकाच्या हातात पडायला हवा म्हणून लेख पावसाळ्यातच मागवतात.

आणि गेल्या वर्षीच्या तारखा उचलून यंदाच्या शीटमध्ये कॉपी करू नकोस, यंदा तर अजिबातच नको. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले, २०२६ ला ते १४ सप्टेंबरला आहेत, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. चांद्र वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, तो फरक साचला की अधिक महिना येतो, त्यामुळे त्याच्या पुढचे सगळे सण ढकलले जातात. मोदकांचा लेख जुन्या हिशोबाने ऑगस्टच्या मध्याला टाकलास तर तो फारच आधी होईल, लोक विसरून जातील. म्हणून भिंतीवरचं पंचांगवालं कॅलेंडर शेजारी ठेवूनच बस.

याच अधिक महिन्यात तुझ्यासाठी एक सोन्यासारखी संधी आहे. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची पद्धत कितीतरी घरांत आहे, म्हणजे तुझा तोच दिवाळीचा लेख एप्रिलच्या शेवटी परत वर आणायचा. नवीन लिहायची गरजच नाही, फक्त लोकांनी तुला विचारलेले प्रश्न, पीठ सैल झालं तर काय, हसले तर काय, गूळ कुठला, त्यांची उत्तरं त्यात नीट घाल. जुना लेख दुरुस्त करणं हे पण कामच आहे, ते प्लॅनमध्ये लिहायचं, नाहीतर कधीच होत नाही.

काही गोष्टींना तर पूर्ण वर्ष आधी सुरुवात करावी लागते. शेवळं ही रानभाजी घे, पहिल्या पावसाच्या सुमाराला ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारात जुड्या येतात, त्यांची खाज मारायला सोबत काकडं नावाची आंबट फळं, आणि थोड्याच आठवड्यात गायब. तू आणणार, करणार, फोटो काढणार, लिहिणार तोवर बाजारात शेवळं उरलेलीच नसतील. तेव्हा यंदा फक्त फोटो आणि टिपणं काढ, लेख पुढच्या मेच्या शेवटी टाक, म्हणजे बाजारात बघून "हे काय असतं" म्हणून शोधणाऱ्याला तो मिळेल.

शीट साधी ठेव. पदार्थ, लोकांना कधी लागतो, कधी टाकायचा, फोटो आहेत का, आणि शेवटी "काय अडलंय". हा शेवटचा कॉलम प्रामाणिकपणे भर, कारण तुझे अर्धवट पडलेले ड्राफ्ट बहुतेक आळसाने नाही तर एखाद्या मापामुळे किंवा एका फोटोमुळे अडलेत. महिन्याला दोन लेख पुष्कळ झाले. आणि ताकाची कढी, ज्वारीची भाकरी असे बारमाही दोन लेख कायम तयार ठेव, नोकरी आहे, आजारपण आहे, परीक्षा आहेत, तेव्हा ते कामी येतात. मूड आला म्हणून रात्री एकदम तीन लिहिलेस तर लिही, छानच, पण तिन्ही टाकू नकोस लगेच.

संक्रांत झालीये, तर या रविवारी बस आणि फक्त मे अखेरपर्यंतचं लिहून मला पाठव. कुरडयांचा लेख होळीच्या आधी जायला हवा, त्यातही गहू तीन दिवस भिजवायचे असतात. गव्हाचा काढलेला चीक कितपत आंबू द्यायचा ते आईला विचारून घे आणि ती शिजवत असताना व्हिडिओ पण काढ.

तुझी,
मावशी