कुत्रा नवा, अंगण मोठं: सापांपासून जपायचं कसं?

नवा कुत्रा घरी आणलात, अभिनंदन! मोठ्या अंगणात सापांची भीती वाटणं साहजिक आहे, पण सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ.

साप कुत्र्यामागे येत नाही, उंदरामागे येतो. त्यामुळे खाण्याचं भांडं रात्री बाहेर ठेवू नका. लाकडं, विटा, पालापाचोळा यांचे ढीग हलवा, गवत आखूड ठेवा. साप पळवायच्या फवाऱ्यांवर आणि पावडरींवर पैसे घालवू नका. माझे गेलेत, उपयोग शून्य.

फिरवताना पट्टा आखूड, दीड-दोन मीटरचा. बहुतेक दंश तोंडावर किंवा पुढच्या पायांवर होतात, कारण आमची मंडळी आधी नाक खुपसतात आणि मग विचार करतात! म्हणून ‘सोड’ आणि ‘इकडे ये’ या दोन आज्ञा आधी पक्क्या करा. मेलेला सापही हुंगू देऊ नका. तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं.

दंश झालाच तर नवखे हमखास करतात त्या चुका:
- जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं, बर्फ लावणं
- घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देणं
- ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणणं
- साप पकडायला धावणं (लांबून फोटो मिळाला तर ठीक)

सूज दरवेळी येतेच असं नाही. नागाच्या विषाने पापण्या जड होतात, पाय लटपटतात, श्वास अडकतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून थेट पशुवैद्याकडे न्या. विषावर खरा उतारा म्हणजे प्रतिविष. ते कुठल्या दवाखान्यात मिळतं आणि रात्री कोण उघडं असतं, हे आजच फोन करून विचारून ठेवा.