लांडग्याचं राहू दे, ते अकाउंट कुणाच्या नावावर आहे?

ताई,

मी तेहतीस वर्षांचा आहे, गे आहे, जवळच्या सगळ्यांना माहीत आहे त्यामुळे तो प्रश्न नाही. आधीच्या जोडीदाराबरोबर आठ वर्षं होतो. मारहाण शेवटच्या दोन वर्षांत सुरू झाली, त्याआधी नुसती चौकशी असायची, कुठे होतास, कुणाशी बोललास, हे पुस्तक कशाला घेतलंस, हा शर्ट कुणासाठी घातलास. चौदा महिन्यांपूर्वी निघालो. शहर बदललं, नंबर बदलला, त्यानंतर त्याचा काही संपर्क नाही. आता सहा महिन्यांपासून एक जण आयुष्यात आहे, चांगला आहे, आवाज चढवत नाही.

प्रश्न एका कादंबरीचा आहे, हसू नका. पॅरानॉर्मल रोमान्स आहे, दोन पुरुषांची गोष्ट, तीन भाग आहेत. एका मुलाला त्याच्या लांडगा-माणसांच्या कळपाचा अल्फा, म्हणजे म्होरक्या, मारायचा. त्याने याच्या मानेवर जबरदस्तीने चावून बंध जोडलाय, त्यामुळे हा कितीही लांब गेला तरी त्या अल्फाला याची भीती, आनंद, सगळं जाणवत राहतं. हा पळून जंगलाच्या कडेला राहतो, तिथे दुसरा एक लांडगा-माणूस भेटतो, त्याला वासावरूनच कळतं की हा घाबरलाय आणि तो काही न विचारता चार पावलं मागे जातो. तिसरा भाग संपला तरी बंध तुटलेला नाही. मी हेच तीन भाग पुन्हा पुन्हा वाचतोय (ई-रीडर अजून एक्सच्या अकाउंटवर आहे, म्हणून निघाल्यापासून एअरप्लेन मोडवरच ठेवलाय, चौथा भाग आलाय पण घेता येत नाही, असो). बॉयफ्रेंडने परवा माझ्या हायलाइट केलेल्या ओळी वाचल्या आणि दुखावला. म्हणाला, मला वासावरून कळत नाही, मी काही तुझा अल्फा नाही, तुला सांगावं लागेल. मला सांगायला जमत नाही. मी एका खऱ्या माणसाची तुलना काल्पनिक लांडग्याशी करतोय का? वाचणं बंद करू का?

तिसऱ्या भागात अडकलेला

———

अरे तिसऱ्या भागात अडकलेल्या,

एवढं मोठं पत्र लिहिलंस, लांडग्यावर लिहिलंस, बॉयफ्रेंडच्या दुखावण्यावर लिहिलंस, आणि जे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं ते कंसात टाकलंस आणि वर "असो" म्हणून मोकळा झालास. मी काही त्या कंसाच्या पुढे गेले नाही बघ. चौदा महिने! शहर बदललं, नंबर बदलला, नवीन माणूस आला, आणि रात्री अंथरुणात पडून तू जे वाचतोस ते अजून त्या माणसाच्या नावावर आहे आणि ते त्याला कळू नये म्हणून तू हातातलं यंत्र जगापासून तोडून ठेवलंयस.

आधी एक सांगते, तुला वेड लागलेलं नाही. एकाच अकाउंटवर जेवढी यंत्रं असतात त्यांच्यात कुठवर वाचलं, काय हायलाइट केलं, कुठे काय टीप लिहिली हे साधारणपणे सिंक होतं, ती सोय म्हणूनच दिलेली असते. तू वाय-फाय लावलंस तर चौदा महिन्यांचं साठलेलं सगळं एका झटक्यात त्या अकाउंटवर जाऊ शकतं, आणि चौथा भाग त्या अकाउंटवरून घेतलास तर खरेदीचा मेल त्याला जाणार. म्हणजे तुझी भीती बरोबर आहे. उपाय चुकलाय. उपाय कसला, तू लपून बसलायस.

आता हे बघ. तुझ्या बॉयफ्रेंडला वाटतंय तुला त्या लांडग्याचं खूळ लागलंय. तुलाही तसंच वाटायला लागलंय, म्हणून मला विचारतोयस की वाचणं बंद करू का. अरे पण तू तेच तीन भाग परत परत वाचतोयस कारण तुझ्याकडे दुसरं काही वाचायलाच नाही! त्या बंद डब्यात निघायच्या आधी जे उतरवून घेतलं होतं तेवढंच आहे. त्याच्या पुढचं पुस्तक घ्यायचं तर त्याच्या दारातून जावं लागतं. याला खूळ नाही म्हणत, तुला पुस्तकाच्या दुकानात जायची अजून चोरी आहे. आणि तूच लिहिलंयस की तो "हे पुस्तक कशाला घेतलंस" असं विचारायचा. विचारणारा आता नाहीये पण तू अजून उत्तर टाळतोयस.

मारहाणीबद्दल तू एक वाक्य लिहिलंस आणि चौकशीबद्दल दीड ओळ, ते मला फार बरोबर वाटलं, कारण मूळ तिथेच असतं. इव्हान स्टार्क नावाच्या अभ्यासकाने २००७ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं असं की अशा नात्यात मार हा बऱ्याचदा वरवरचा भाग असतो, खरा तुरुंग म्हणजे रोजच्या बारीकसारीक गोष्टींवरचा ताबा, काय घालायचं, पैसे कुठे गेले, कुणाशी किती वेळ बोललास. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने जोडीदारावर असा ताबा ठेवणं हा वेगळा गुन्हाच ठरवला, अंगावर एक वळ नसला तरी. तू निघालास तेव्हा मारापासून निघालास. ताब्यातून अजून एक पाय निघायचाय.

आणि तुझ्या कादंबरीतला तो मानेवरचा चावा. आता मी तुला काही मोठं गुपित सांगतेय असं समजू नकोस, तुला हे माहीत आहे, आत कुठेतरी पक्कं माहीत आहे म्हणूनच दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी आल्या. लांब गेला तरी ज्याला याचं सगळं कळत राहतं असा जुना मालक, आणि लांब आलास तरी तू कुठल्या पानावर आहेस हे ज्याला दिसू शकतं असा जुना जोडीदार. तुझा हिरो तीन भाग झाले तरी मोकळा झाला नाही आणि चौथा भाग तुला घेता येत नाही. हे एखाद्या लेखकाने मुद्दाम रचलं असतं तर मी म्हटलं असतं जरा जास्तच झालं.

रोमान्सचा एक नियम तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल, शेवट सुखाचा किंवा निदान आशेचा असावाच लागतो, नाहीतर वाचक ते पुस्तक रोमान्स म्हणून मानतच नाहीत. म्हणून तर मार खाल्लेली माणसं हे वाचतात, कितीही भयंकर प्रसंग आला तरी गोष्टीतली माणसं त्यातून सुखरूप निघणार आहेत हे आधी माहीत असतं, त्या भरवशावर भीतीच्या पानावरसुद्धा थांबता येतं. यात हसण्यासारखं काय आहे? काही नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं. तेव्हा वाचणं बंद बिंद काही करायचं नाही.

फक्त एका बाबतीत मला तुझ्याशी भांडायचंय. तुला त्या लांडग्याचं काय आवडलं म्हणालास, त्याला न सांगता कळतं. अरे न सांगता कळणारा माणूस तुझ्याकडे आठ वर्षं होता की! तू कुठे आहेस, कुणाशी बोललास, मनात काय चाललंय, त्याला सगळं कळायचं, कळवून घ्यायचाच तो. न सांगता कळणं ही काही प्रेमाची खूण नाही, पाळत ठेवणाऱ्यालाही कळतं. तुझा लांडगा चांगला आहे तो मागे सरकतो म्हणून. वास घेऊन तो पुढेही येऊ शकला असता, आधीच्याने तेच केलं. तेव्हा हायलाइट करताना जरा नीट बघ, ओळ वासाची आहे की चार पावलांची. ती चार पावलं घ्यायला माणसाला लांडगा व्हावं लागत नाही, त्याला एकदा सांगितलेलं पुरतं.

बॉयफ्रेंड दुखावला, त्याबद्दल माझ्याकडे फारशी सहानुभूती शिल्लक नाहीये, चांगला असेल, असू दे. तुझ्या यंत्रात शिरून तुझ्या खुणा केलेल्या ओळी त्याने तुला विचारून वाचल्या का ते तू लिहिलेलं नाहीस. विचारलं असेल तर ठीक. नसेल तर दुखावण्याचा नंबर त्याचा नाही, आणि पुढच्या वेळी विचार म्हणावं. आणि तो अल्फा होता येत नाही म्हणून रडत असेल तर त्याला सांग की जंगलात तसं काही नसतंच. ही अल्फाची सगळी भानगड आली प्राणिसंग्रहालयातून. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने १९४७ साली पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून लिहिलं की ते वरचढपणासाठी भांडतात. ज्या डेव्हिड मेकच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना लोकांच्या तोंडी बसली त्यानेच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे कुणी कुणाला हरवून राजा होत नाही. कोंडलं की अल्फा तयार होतो. कादंबरीवाल्यांना हे कळून त्यांनी अल्फा सोडला तर निम्मी कपाटं रिकामी होतील म्हणून ते सोडणार नाहीत, आणि मीही सोडा म्हणणार नाही, पण तुमच्या दोघांच्या घरात तो शब्द नको.

आता काम. एकच सांगणार आहे आणि या आठवड्यात करायचं आहे.

तुझ्या त्या हायलाइट केलेल्या ओळी आधी वहीत उतरवून घे, हाताने, कारण पुढच्या पायरीला त्या जाणार आहेत. मग वाय-फाय न लावताच सेटिंगमधून ई-रीडर फॅक्टरी रिसेट कर. सगळं पुसलं जाईल, साठलेलं त्याच्याकडे काहीच जाणार नाही. मग नवीन ईमेल, जो तुझ्या जुन्या नंबरशी, जुन्या ईमेलशी कशाशीच जोडलेला नाही, पासवर्ड असा की त्याला आठ वर्षांच्या ओळखीवरून सुचणार नाही, त्यावर नवीन अकाउंट, तुझ्या नावाचं, तुझ्या कार्डाचं. रिसेट पुरा झाल्यावरच वाय-फाय लाव आणि यंत्र थेट या नव्या अकाउंटला जोड. जुन्या अकाउंटच्या यादीतून एक यंत्र कमी झालं हे त्याला कदाचित दिसेल. दिसू दे. त्याच बैठकीत फोनही बघ, लोकेशन कुणाबरोबर शेअर आहे, फोटो कुठे जातात, एखाद्या फॅमिली ग्रुपमध्ये तुझं नाव अजून आहे का. जिथे एक दार उघडं राहिलं तिथे दुसरंही असतं. आणि हे करायच्या आधी एक गोष्ट स्वतःला खरी खरी विचार, त्याला तुझा पत्ता माहीत आहे का, त्याने कधी शोधून काढीन वगैरे धमकी दिली होती का. दिली असेल तर आधी घरगुती हिंसेच्या हेल्पलाइनवरच्या माणसाशी बोल, कारण ताबा सुटतोय असं कळलं की अशी माणसं कधीकधी उसळतात, आणि मग कुठली गोष्ट कधी करायची हे ठरवूनच केलेलं बरं. संपर्क खरंच तुटलेला असेल तर वाट बघू नकोस.

मला माहीत आहे तू का थांबलायस. आठ वर्षांची पुस्तकं आहेत त्यात. तुझ्या पैशाने घेतलेलीही असतील. ई-पुस्तक बहुतेक ठिकाणी विकत मिळत नाही, वाचायचा परवाना मिळतो आणि तो अकाउंटला चिकटलेला असतो, त्यामुळे ती पुस्तकं बहुतेक गेली असं समज. वाईट वाटेल, खूप वाटेल. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये अशा जखमांतून बाहेर यायचे तीन टप्पे मांडले, आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग परत माणसांत येणं. तू पहिला टप्पा अर्धवट ठेवून थेट तिसऱ्याला हात घातलायस आणि मग विचारतोयस की बॉयफ्रेंडला सांगायला जमत का नाही. कसं जमेल? कुणीतरी ऐकत असेल या धाकाने तू अजून वाचतोयस सुद्धा आवाज न करता. आधी दार लाव, मग त्या पुस्तकांसाठी रड, एकेक नाव आठवून रड, त्यात कमीपणा नाही. बोलणं त्याच्या पाठोपाठ येईल, आणि नाही आलं तर वहीतल्या त्या चार पावलांच्या ओळींपैकी एक त्याला तूच वाचून दाखव.

नवीन अकाउंटवर पहिली खरेदी चौथ्या भागाची. दुसरं काही आधी घ्यायचं नाही, स्वस्तात मिळत असलं तरी नाही. आणि तो वाचून होईपर्यंत बॉयफ्रेंडला सांग की बाबा रे, आत्ता लांडग्याबद्दल एक शब्द बोलू नकोस, मी वाचतोय.

तुझी,
ताई