रायफलच्या नव्या कस्टम बॅरलमधून सफाईचे पॅच (कापडी तुकडे) निळे यायचे थांबत नाहीत. निळा रंग म्हणजे गोळीच्या जॅकेटचं (वरच्या कवचाचं) तांबं आत चिकटलेलं, असं धरतात. १००० मीटरवर ग्रुप (निशाण्यावरच्या छिद्रांचा पुंजका) फाटतो तो तांब्यामुळेच का?

आधी एक करा. पितळी जॅगवर (सफाईच्या रॉडचं पॅच धरणारं टोक) कोरा पॅच चढवा, तांबं विरघळवणाऱ्या अमोनियावाल्या सॉल्व्हंटचे दोन-चार थेंब टाका आणि बाजूला ठेवून द्या. बॅरलजवळ नेऊच नका. थोड्या वेळाने पॅच निळा होईल. तांबं जॅगचं, शिव्या बॅरलला! निकेलचा मुलामा असलेला किंवा प्लास्टिकचा जॅग आणि नायलॉनचा ब्रश घ्या, मग पुन्हा बघा.

हाच प्रयोग मी रेंजवरच्या एका महाशयांना करून दाखवला होता. दर वीस गोळ्यांनी बॅरल आरशासारखं घासणारा माणूस. निळा पॅच डोळ्यांनी पाहिला, वर म्हणाले, "तरी साफ केलेलं बरंच." बरं कसलं? अगदी कोऱ्या बोअरमधून (बॅरलच्या आतल्या पोकळीतून) गेलेल्या पहिल्या दोन-चार गोळ्यांचा वेग आणि जागा दोन्ही सरकतात. तांब्या-कार्बनचा पातळ थर बसला की ग्रुप जमतो. हे दर वेळी तो थर पुसणार आणि खापर पावडरवर फोडणार.

हाताने लॅप केलेल्या (आतून घासून गुळगुळीत केलेल्या) बॅरलमध्ये तांबं मुळात कमी धरतं. सुरुवातीला दिसतं ते बहुधा थ्रोटचं, म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरच्या पुढच्या, गोळी बॅरलमध्ये शिरते त्या भागाचं. चेंबर कोरणाऱ्या रीमरचे ओरखडे तिथे गोळीच्या वाटेला आडवे असतात, ते जॅकेट खरवडतात. काही बार झाले की ते आपोआप गुळगुळीत होतात. नव्या बॅरलला 'एक गोळी, एक सफाई' हे पन्नास बारांचं व्रत माझ्या मते निव्वळ कर्मकांड.

साफ करायचंच तर आधी कार्बन, मग तांबं. थर एकाआड एक असतात, कार्बनखालच्या तांब्यापर्यंत अमोनिया पोचतच नाही. बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून रॉड चेंबरकडून घाला. जॅग क्राउनबाहेर (बॅरलच्या तोंडाबाहेर) आला की पॅच काढूनच रॉड मागे घ्या. काडतुसाच्या तोंडापुढे, थ्रोटच्या सुरुवातीला बसणारी कार्बनची रिंग तांब्यापेक्षा जास्त छळते.

तुमच्या १००० मीटरचं म्हणाल, तर ग्रुप उभा फाटतोय की आडवा? उभा असेल तर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावा. ६.५ क्रीडमूरसारख्या काडतुसात वेगातला सेकंदाला १० मीटरचा फरक तिथे फूटभर वर-खाली करतो. आडवा असेल तर बहुतेक वारा.

अर्थात, जमलेला ग्रुप ठरावीक बारांनंतर दर वेळी फाटत असेल, तर तांबं खरंच साचतंय. त्याच्या थोडं आधी सफाई करा. आणि अमोनिया रात्रभर आत ठेवू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा, आणि पुढच्या वेळी बार काढण्याआधी बोअर आणि चेंबर कोरडे करा.