मनीच्या चिपवर फोन कुणाचा आहे?

इंग्लंडमधल्या स्लाऊजवळून एका भगिनीचं पत्र आलंय. ते असं:

«ताई, गेल्या महिन्यात आम्ही स्लाऊमधलं भाड्याचं घर सोडून लँग्लीला राहायला आलो. त्याच वेळी दोघांनीही मोबाइलची कंपनी बदलली, नंबरही नवे घेतले. चौथ्याच दिवशी आमची मांजर मनी मागच्या दारातून निसटली, ती अजून आलेली नाही. मंडळाच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, यजमानांच्या ऑफिसातल्या भारतीयांच्या ग्रुपवर, सगळीकडे फोटो टाकलेत. तिला चिप आहे, म्हणून कुणी ना कुणी कळवेल असा धीर आहे. मुलगा धड जेवत नाही. त्यात पुढच्या उन्हाळ्यात आम्ही कायमचे पुण्याला परततोय. आमच्या कुत्र्याचं, ब्रूनोचं काय करायचं? सासूबाई म्हणतात, इथेच कुणाला तरी देऊन या.»

तुमच्या जिवाची काय घालमेल होत असेल ते मला कळतंय. रात्री पाऊस लागला की झोप उडते, दाराशी खुट्ट वाजलं की माणूस धावतो. पण अहो, तुमच्या पत्रातच मला उत्तर दिसलं आणि तुम्ही त्याच्यावरून सरळ पुढे गेलात. «नंबरही नवे घेतले» हे एक वाक्य आणि «तिला चिप आहे» हे दुसरं. मधल्या काळात चिपच्या नोंदीतला नंबर बदललात का? पत्रात त्याचा शब्द नाही, म्हणजे बदललेला नाही असंच मी धरून चालते.

चिप म्हणजे कातडीखाली बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतं, तुमचं नावगावसुद्धा नसतं. असतो तो फक्त पंधरा आकडी क्रमांक. कुणाला मनी सापडली आणि त्यांनी ती व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेली, तर नर्स खांद्यांच्या मधोमध स्कॅनर फिरवते (चिप कधी कधी सरकून पुढच्या पायाकडे गेलेली असते, म्हणून सगळं अंग तपासतात). मग बीप वाजतो आणि क्रमांक दिसतो. तो क्रमांक कोणत्या डेटाबेसमध्ये आहे ते त्या शोधतात, कारण इथे असे डेटाबेस बरेच आहेत, आणि तिथे नोंदलेला फोन लावतात. तुमच्या बाबतीत तो लागणार बंद पडलेल्या सिमला, आणि पत्ता निघणार स्लाऊच्या घराचा.

माझ्या धाकट्या दिरांकडे लेस्टरला हेच घडलं. त्यांचा बोका त्यांनी एका ओळखीच्या कुटुंबाकडून घेतला होता. ते कुटुंब नाशिकला परतलं, पण चिप त्यांच्याच नावावर राहिली. बोका हरवला, कुणा भल्या माणसाने त्याला व्हेटकडे नेऊन दिला, चिप वाचली गेली, आणि फोन लागला तो बंद नंबरवर. बोका गावातल्याच एका प्राण्यांच्या संस्थेच्या पिंजऱ्यात बसून होता आणि माझी जाऊ खांबाखांबाला पत्रकं चिकटवत होती. शेवटी ती स्वतः संस्थेच्या दारात जाऊन उभी राहिली. डावा कान फाटलेला, शेपटीचं टोक पांढरं, तिने लांबूनच ओळखला. मालकी सिद्ध करायला लसीकरणाचं कार्ड आणि जुने फोटो दाखवावे लागले. तेव्हापासून आमच्या घरात कुणी घर बदललं की मी आधी विचारते, चिपचा नंबर बदललात का? मग गॅस आणि वीज.

हा कायदाही आहे, बरं का. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप सक्तीची झाली ती ६ एप्रिल २०१६ पासून. मांजरांना १० जून २०२४ पासून, आणि ती वीस आठवड्यांची व्हायच्या आत. नोंद ताजी ठेवणं ही पाळणाऱ्याची जबाबदारी. नोटीस आली तर सुधारायला २१ दिवस मिळतात, नाहीतर ५०० पाउंडांपर्यंत दंड. पण दंडाचं सोडा. आपण परदेशात राहणारी माणसं दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतो, सिम बदलतो, व्हिसाच्या अर्जावर नवा पत्ता बिनचूक लिहितो. बँकेला कळवतो, डॉक्टरला कळवतो. घरातल्या मुक्या जिवाचा पत्ता तेवढा राहून जातो. साताऱ्याला आईकडे कुत्रा भटकला तर दूधवाला सायकल थांबवून सांगायचा, तुमचा मोत्या पोलिस लाइनकडे दिसला. लँग्लीत तुमचा दूधवाला कोण? शेजाऱ्याला तुमच्या मांजरीचं नाव तरी माहीत आहे का?

म्हणून हे वाचून झालं की उठा. मनीच्या लसीकरणाच्या कागदांवर पंधरा आकडी क्रमांक असेल. नसला तर जुन्या व्हेटला फोन करून मागून घ्या. तो ऑनलाइन टाकला की डेटाबेसचं नाव कळतं. त्यांना फोन करून तीन गोष्टी करून घ्या: नवे नंबर, नवा पत्ता, आणि मांजर हरवल्याची नोंद. दुसरा संपर्क म्हणून इथल्याच एखाद्या मैत्रिणीचा नंबर द्या. डिसेंबरात तुम्ही पुण्याला गेलात तर फोन उचलायला इथे कुणीतरी हवं.

दुसरा फोन स्लाऊच्या घरातल्या नव्या भाडेकरूंना, घर भाड्याने देणाऱ्या एजंटमार्फत. घर बदललेली मांजर कित्येकदा जुन्या घराकडे चालत जाते, आणि लँग्ली-स्लाऊ अंतर तिला फार नाही. त्यांना सांगा, दिसली तर खायला घालू नका, आम्हाला कळवा. (नव्या घरात मांजर दोन-तीन आठवडे तरी आत ठेवायची असते. चौथ्या दिवशी मागचं दार उघडं कसं राहिलं, हे मी आता विचारत नाही.)

भारतीयांच्या ग्रुपवर फोटो टाकलात ते ठीक, पण ती माणसं हाउन्स्लोपासून मिल्टन कीन्सपर्यंत पसरलेली. मनी बहुधा तुमच्या दारापासून दहा-बारा घरांच्या आत, कुणाच्या तरी शेडमध्ये अडकून किंवा बागेतल्या लाकडी ओट्याखाली दबून बसली असेल. दारोदार जा. शेड आणि गॅरेज उघडून बघा म्हणा, नुसतं विचारू नका. रात्री रहदारी थांबली की टॉर्च घेऊन निघा, डोळे चमकतात. पत्रकावर एखादी खूण लिहू नका, ती राखून ठेवा. «मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा» असे फोन येतात, तेव्हा ती खूण विचारायची.

आणि एक कठीण काम, ते यजमानांना करू दे. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रस्ते सफाई विभागाला फोन. इथे गाडीखाली कुत्रा आला तर चालकाने पोलिसांना कळवायचं असतं, मांजरीसाठी तसा कायदा नाही. बऱ्याच काउन्सिल मृत प्राण्याची चिप तपासतात. तिथेही पुन्हा नंबर जुना असेल तर तुम्हाला कधीच काही कळणार नाही, आणि ते न कळणं मुलाला वर्षानुवर्षं छळेल.

मुलाला शोधात बरोबर घ्या, पत्रकं त्यालाच चिकटवू द्या. जेवेल.

आता ब्रूनो. सासूबाईंशी भांडू नका, त्यांनी आयुष्यभर घरात कुत्रा पाहिलेला नाही. पण देऊन टाकायच्या आधी नेता येतो का ते बघा. कायमचं परतणाऱ्यांना कुत्रा भारतात नेता येतो. निघण्यापूर्वी भारतीय अ‍ॅनिमल क्वारंटाइन विभागाचं ना-हरकत पत्र लागतं आणि मुंबईला उतरल्यावर तपासणी होते. रेबीजची लस प्रवासाच्या महिनाभर आधी झालेली हवी, वर्षापेक्षा जुनी नको. आरोग्य दाखल्यावर चिपचा क्रमांक असतोच. द्यायचाच झाला तर «फुकट देणे आहे» अशी जाहिरात करू नका. डॉग्ज ट्रस्ट किंवा ब्लू क्रॉस या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आत्तापासून फोन करा, जागेसाठी थांबावं लागतं. आणि नव्या घरी गेला की चिप त्यांच्या नावावर झाली का, ते स्वतः विचारून खात्री करा. दिरांच्या बोक्याचं तेवढंच राहिलं होतं.

मनीचा फोन लावाल तेव्हा ब्रूनोचाही क्रमांक समोर घेऊन बसा. त्याचाही नंबर जुनाच असणार.