हजार विड्यांचा हिशेब

"मॅडम, बाळंतपणानंतर कामावर गेले तर माझी जागाच राहिली नाही. नोकरी सोडू का?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातली ही ताई सात वर्षं तपासणीच्या टेबलावर. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन मुलांपर्यंत मिळणारी 26 आठवड्यांची पगारी रजा तिला मिळाली. पण परतली तेव्हा तिला कबूल केलेल्या सुपरवायझरच्या जागी तिनेच शिकवलेला मुलगा होता. "बाळ लहान आहे, तुला झेपायचं नाही," साहेब म्हणाले. मायेनेच म्हणाले, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि ती स्वतःलाच दोष देत होती. "मी काय करते ओ? नुसतं बघते."

क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एकाच पेशातल्या बाई-पुरुषांच्या कमाईतली तफावत बरीचशी पहिल्या मुलानंतर पडते, हे त्यांनी अमेरिकेतल्या नोंदींवरून दाखवलं. हे तिला सांगितलं, कारण खोट तिच्यात नव्हती.

मग तिच्या आईचा विषय निघाला. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, मजुरी हजारावर. "आईच्या विड्या मोजल्या जायच्या. तुझं बघणं कोण मोजतं?" ती बराच वेळ गप्प बसली.

दोन आठवडे वही लिहायला सांगितली. त्यातली एक नोंद मला पाठच झाली आहे: 'मंगळवार. मरून रंगाचे दोन लॉट. ट्यूबखाली सारखे. खिडकीपाशी नेले तर एक विटकरी. पॅकिंग थांबवलं.' तो माल तसाच गेला असता, तर परत आला असता. न झालेलं नुकसान कुठल्याच रजिस्टरात चढत नाही. बायकांची कितीतरी कामं अशीच बिनहिशेबी राहतात, आणि याचा मला राग येतो.

वही घेऊन ती साहेबांकडे गेली. पाळणाघराचंही बोलली; 50 किंवा जास्त कामगार असले की ते द्यावंच लागतं, आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. आधी ती त्याला 'मेहेरबानी' म्हणायची. तो शब्द आम्ही दोघींनी मिळून खोडला होता.

साहेब मंगळवारच्या पानावर थांबले. आता रंगाचा एकही लॉट तिच्या सहीशिवाय पॅकिंगला जात नाही. जागा अजून मिळालेली नाही, पगारही तेवढाच. पाळणाघरासाठी खोली रिकामी करताहेत. दिवाळीनंतर ती पुन्हा अर्ज देणार आहे, सोबत सगळ्या सह्यांची यादी जोडून.