कूस बदलतानाची कळ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे गरोदरपणात जांघेत आणि कमरेखालच्या सांध्यांत उठणाऱ्या एकाच दुखण्याभोवती फिरणारी आहेत. ते दुखणे अवघड जागी असल्यामुळे त्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही, आणि बोलले तरी 'या दिवसांत असे होतेच' या एका वाक्यात विषय संपतो. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून या तिन्ही पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मला सत्ताविसावा आठवडा सुरू असून हे माझे दुसरे बाळंतपण आहे. पहिला मुलगा तीन वर्षांचा आहे. गेल्या महिन्यापासून ओटीपोटाच्या अगदी खाली जे हाड हाताला लागते तिथे आणि उजव्या कुल्ल्याच्या वरच्या बाजूला कळ येते. सलवार घालताना एका पायावर उभी राहिले की जांघेत चमक निघते, आणि रात्री कूस बदलणे हे तर एक कामच होऊन बसले आहे. कधी कधी पुढे 'कट्' असा आवाजही येतो. सासूबाई म्हणतात, की रोज खाली बसून फरशी पुसावी, म्हणजे अंग मोकळे होते आणि बाळंतपण सुखरूप पार पडते. आई मात्र पलंगावरून उठूच नकोस म्हणते. या दुखण्याने बाळाला धोका आहे का, आणि सिझेरियन करावे लागेल का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांपासून सुरुवात करते. तुम्ही वर्णन केलेल्या दुखण्याने बाळाला इजा होत नाही, आणि केवळ या कारणासाठी सिझेरियनची गरज सहसा पडत नाही. परंतु बाळाला धोका नाही म्हणून आईने ते मुकाट्याने सोसावे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. सुमारे पाचपैकी एका गरोदर स्त्रीला हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो आणि वेळीच लक्ष दिल्यास तो बराच आटोक्यात ठेवता येतो.

कमरेखालचा सांगाडा हे एक सलग हाड नाही. मागे मधोमध त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड, आणि दोन्ही बाजूंना नितंबांची रुंद हाडे मिळून एक कडे तयार होते. या कड्याला मागे दोन सांधे असतात, आणि पुढे, तुम्हाला जिथे कळ येते तिथे, दोन्ही बाजूंची हाडे कूर्चेने जोडलेली असतात. एरवी या पुढच्या सांध्यातील अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते, आणि गरोदरपणात संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध शिथिल होऊन ते आणखी २ ते ३ मिलिमीटरने वाढते. ही शिथिलता बाळंतपणासाठी उपयोगीच असते. लाकडी चाकावरची लोखंडी धाव सैल झाली म्हणून चाक लगेच मोडत नाही, पण चालताना खुळखुळू लागते. इथे काहीसे तसेच होते. मात्र सगळा दोष संप्रेरकांना देणे बरोबर नाही, कारण सांधे सगळ्याच गरोदर स्त्रियांचे सैलावतात, दुखते मात्र काहींनाच. ज्यांना आधीपासून कंबरदुखी आहे, ज्यांच्या कमरेखालच्या हाडांना पूर्वी मार लागलेला आहे, ज्यांचे हे दुसरे-तिसरे बाळंतपण आहे किंवा ज्यांना अंगमेहनतीचे काम पडते, त्यांच्यात ते अधिक आढळते. तुमच्या बाबतीत तीन वर्षांचा मुलगा कडेवर बसत असणार. कडेवर मूल घेतले की शरीराचा भार एका बाजूच्या सांध्यावर एकवटतो; म्हणून त्याला उचलून घेण्याऐवजी आपण बसावे आणि त्याला जवळ घ्यावे.

या दुखण्याचे वर्म एका गोष्टीत आहे : जिथे दोन्ही पायांवर असमान भार येतो किंवा पाय एकमेकांपासून दूर जातात, तिथे कळ उठते. एवढे ध्यानात ठेवले तर दिवसभरातील बहुतेक हालचाली तुम्हाला स्वतःच सुधारता येतील. सलवार किंवा परकर पलंगावर बसून घालावा. कूस बदलताना आधी दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवावेत, मध्ये उशी धरावी आणि खांदे, कंबर व गुडघे एकदम वळवावेत. उठतानाही आधी कुशीवर यावे, दोन्ही पाय एकत्र खाली सोडावेत आणि हाताच्या जोरावर बसते व्हावे. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी वर ठेवावा, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी खाली न्यावा, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आल्यावरच पुढची पायरी घ्यावी. यात वेळ जातो आणि शाळेच्या घंटेच्या वेळी ते अवघडही वाटेल, पण संध्याकाळी फरक जाणवतो. वर्गात उभे राहताना एका पायावर रेलण्याची सवय अनेक शिक्षिकांना असते. ती सोडून शक्य तितके खुर्चीवर बसून शिकवावे. दुचाकीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसल्यास कमरेला पीळ पडतो, दोन्हीकडे पाय टाकून बसल्यास जांघ ताणली जाते, आणि खड्ड्यांचे हिसके तर दोन्ही प्रकारे बसतातच. त्यामुळे शेवटचे तीन महिने रिक्षाची किंवा मोटारीची सोय पाहावी. मोटारीत बसताना आधी पाठमोरे सीटवर टेकावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. घरात भारतीय पद्धतीचे शौचालय असेल, तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते. मांडी घालून बसल्यावर दुखत असेल, तर जेवायलाही खुर्चीच घ्यावी.

आता घरातील दोन परस्परविरोधी सल्ल्यांविषयी. गरोदर स्त्रीने चालते-फिरते राहावे, हा सासूबाईंचा हेतू योग्य आहे. परंतु उकिडवे बसून फरशी पुसताना भार सतत एका पायावरून दुसऱ्यावर जातो आणि जांघा फाकतात. ज्या सांध्यांना विश्रांती हवी त्यांनाच आपण वेठीस धरतो. हे काम तूर्त लांब दांड्याच्या पोछ्याने दुसऱ्या कोणीतरी करावे. त्यात घरातील पुरुषही येतात. आईचा सल्ला मायेपोटी असला तरी पूर्णवेळ पडून राहिल्याने कंबर आणि पोट सावरणारे स्नायू दुबळे होतात व पायातील रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुखेल इतके करू नये, आणि अजिबात न करता पडूनही राहू नये. थोडे थोडे चालून मध्ये टेकणे हाच मार्ग.

याशिवाय, गरोदर स्त्रियांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टना एकदा तरी दाखवावे. कोणता सांधा दुखतो हे त्या काही साध्या हालचाली करवून ओळखतात. क्ष-किरण तपासणीची सहसा गरज लागत नाही. गुडघ्यांमध्ये उशी धरून ती ५ सेकंद हलकेच दाबणे, हात आणि गुडघ्यांवर ओणवे राहून श्वास सोडताना पोट आत घेणे, लघवी रोखताना जे स्नायू आवळतात ते आवळून सोडणे, असे व्यायाम बहुतेकींना झेपतात. मात्र ते करताना कळ आली तर थांबावे. आधाराचा पट्टाही उपयोगी पडतो, पण तो पोटावर बांधायचा नसतो. पोटाच्या खाली, खुब्यांच्या पातळीवर, कडे आवळून धरील असा तो बसला पाहिजे. तो चालताना वापरावा आणि आडवे होताना काढून ठेवावा.

बाळंतपणाविषयी एक तयारी आतापासूनच करता येईल. खुर्चीवर बसून दोन्ही गुडघे हळूहळू दूर न्यावेत आणि जिथे दुखायला लागते त्याच्या अलीकडे थांबून गुडघ्यांमधील अंतर टेपने मोजावे. हा आकडा फाईलवर लिहून ठेवावा आणि शेवटच्या आठवड्यांत पुन्हा मोजावा. प्रसूतीच्या वेळी पाय त्याहून अधिक फाकवावे लागू नयेत, असा प्रयत्न करायला डॉक्टरांना आधीच सांगावे. कुशीवर झोपून किंवा ओणवे राहून कळा देणे शक्य असते. पाठीत भुलीचे इंजेक्शन घेणार असाल तर हा आकडा विशेष महत्त्वाचा, कारण तेव्हा दुखणे जाणवत नाही आणि सांधा नकळत ताणला जातो.

प्रत्येक दुखणे मात्र सांध्याचे नसते. पोट ठरावीक अंतराने घट्ट होऊन दुखत असेल, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, ताप असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकच पोटरी सुजून दुखणे, मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे, किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे या गोष्टींसाठी सकाळची वाटही पाहू नये.

प्रश्न : माझ्या पत्नीला एकतिसावा आठवडा आहे. जांघ आणि कंबर दुखते म्हणून घरात असलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या किंवा मलम वापरावे का? शेजारच्या काकू म्हणतात, हे कॅल्शियम कमी झाल्याचे लक्षण आहे, कॅल्शियम दुप्पट करा. — नाशिक

उत्तर : डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. या गटातील औषधांमुळे विसाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये दिला. तिसाव्या आठवड्यानंतर तर गर्भाच्या हृदयाजवळील एक आवश्यक रक्तवाहिनी वेळेआधी आकुंचन पावण्याचा धोका असतो. मलमातूनही औषध थोडेफार रक्तात जाते, तेव्हा तेही विचारल्याशिवाय नको. डॉक्टरांच्या संमतीने पॅरासिटामोल घेता येते, पण लागेल तेवढ्याच वेळा आणि दोन मात्रांमध्ये किमान ६ तासांचे अंतर ठेवून. टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पिशवीने पाठीला १० ते १५ मिनिटे शेक द्यावा. पोटावर ती ठेवू नये.

कॅल्शियमची गोळी सरकारी कार्यक्रमानुसार चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली जाते. ती तशीच चालू ठेवावी आणि लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नये. तिची मात्रा दुप्पट केल्याने सैल सांधा आवळला जाणार नाही, उलट बद्धकोष्ठता वाढेल. आणखी एक सांगून ठेवते, कारण असे सल्ले देणारे काकूंशिवायही अनेक असतात : उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून कमरेला लाथ लावून घेण्याची प्रथा आपल्याकडे अजून काही ठिकाणी आहे. गरोदर स्त्रीच्या कमरेवर असा प्रयोग कोणीही, अगदी हलक्या पायानेही, करू नये.

प्रश्न : बाळंतपण होऊन पाच महिने झाले, तरी बाळाला घेऊन उठताना जांघेत कळ येते. पोट बांधले होते, मालिशही झाली. दुसऱ्या वेळी पुन्हा असेच होईल का? — कोल्हापूर

उत्तर : बहुतेक स्त्रियांचे हे दुखणे बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरते. पाच महिने टिकले असेल तर ते आपोआप जाईल अशा भरवशावर राहू नका. पोट बांधण्याचा पट्टा बहुधा कमरेवर, म्हणजे सांध्यांच्या बराच वर बसतो, आणि मालिशने बरे वाटले तरी स्नायूंना बळ येत नाही. वर सांगितलेले व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काही आठवडे सलग करावेत. बाळाला जमिनीवरून उचलण्याऐवजी त्याची दुपटी-लंगोट बदलण्याची जागा कमरेच्या उंचीवर करावी, आणि दूध पाजताना पाठीला आधार देऊन दोन्ही पाय जमिनीला टेकतील असे बसावे. वजन टाकून चालताच येत नसेल किंवा लंगडायला होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पुढच्या सांध्यातील अंतर १० मिलिमीटरपेक्षा अधिक वाढले आहे का, आणि खुब्याचे हाड ठिसूळ झाले आहे का, हे त्यांना पाहावे लागेल.

पुढच्या गरोदरपणात हा त्रास परत होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून दोन बाळंतपणांत अंतर ठेवावे, आताचे दुखणे पूर्ण बरे करून घ्यावे, आणि पुढच्या वेळी नाव नोंदवतानाच पहिल्या वेळच्या या त्रासाची नोंद फाईलवर करवून घ्यावी.